रेडिओ सिलोन केसकरांच्या बंदीतून जन्मले नाही
सिलोनच्या, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या, रेडिओ सिलोन या केंद्राविषयी एक मजकूर वरचेवर फिरत असतो. त्याचा आशय असा : माहिती व नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांनी १९५२ साली आकाशवाणीवर चित्रपटगीतांना आणि हार्मोनियमला बंदी घातली. ती संधी साधून सिलोनने आशियातले पहिले रेडिओ केंद्र काढले. हिंदी चित्रपटगीतांचा लोकप्रिय कार्यक्रम 'बिनाका गीतमाला' कोलंबोत तयार होऊ लागला. हिलरी आणि तेनसिंग यांनी एव्हरेस्टच्या माथ्यावर हेच केंद्र ऐकले. आणि १९५७ मध्ये आकाशवाणीची मनोरंजन सेवा विविध भारती सुरू होताच त्याचा अंत झाला.

या मजकुरातला कालक्रमच उलटा आहे. तार खात्यातील अभियंता एडवर्ड हार्पर याने १९२३ साली, पकडलेल्या जर्मन पाणबुडीच्या सुट्या भागांतून उभारलेल्या प्रक्षेपकावरून ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकवल्या, आणि १६ डिसेंबर १९२५ रोजी कोलंबो रेडिओ रीतसर सुरू झाला. केसकर मंत्री झाले ते त्यानंतर सव्वीस वर्षांहून अधिक काळाने. 'आशियातले पहिले' हेही खरे नव्हे, कारण टोकियोचे केंद्र मार्च १९२५ पासूनच बोलत होते.

भारतभर ऐकू जाण्याची ताकद या केंद्राला दिली ती दुसऱ्या महायुद्धाने. माउंटबॅटन यांच्या हाताखालच्या दोस्त राष्ट्रांच्या आग्नेय आशिया कमांडने सैनिकांसाठी चालवलेल्या रेडिओचा शंभर किलोवॅटचा शॉर्टवेव्ह प्रक्षेपक युद्धानंतर सिलोनच्या पदरात पडला. आणि शॉर्टवेव्हच्या लहरी वातावरणाच्या वरच्या थरावरून परावर्तित होत हजारो किलोमीटर जात असल्यामुळे एका छोट्या बेटाचे केंद्र विदर्भातल्या खेड्यातही लागू शकले. जाहिरातींवर चालणारी व्यापारी सेवा ३० सप्टेंबर १९५० रोजी सुरू झाली, तीही केसकरांच्या आधीच. आकाशवाणीच्या धोरणाने सिलोनला श्रोते मिळवून दिले, हे मात्र नाकारता येणार नाही.

त्या धोरणालाही सरसकट 'बंदी' म्हणणे सैल आहे. पुण्यात जन्मलेल्या आणि शास्त्रीय संगीताचा कट्टर अभिमान असलेल्या केसकरांनी गाण्यांची छाननी लावली आणि गाण्यासोबत चित्रपटाचे नाव सांगणे ही फुकट जाहिरात ठरवून ते बंद केले. तेव्हा निर्मात्यांनीच प्रक्षेपणाचे परवाने काढून घेतले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली. दोष दोन्हीकडे होता, असे माझे मत आहे. हार्मोनियमचे खापर मात्र त्यांच्यावर फोडणे सरळ चूक आहे : मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सलग सरकणे) आणि श्रुती (स्वरांमधले सूक्ष्म अंतर) या पेटीच्या ठरलेल्या स्वरांत बसत नाहीत, या आक्षेपावरून ती १९४० सालीच, आकाशवाणीचे तेव्हाचे प्रमुख लायोनेल फील्डन यांच्या कारकिर्दीत, आकाशवाणीतून हद्दपार झाली होती. केसकरांनी तो निर्णय उठवला नाही, इतकेच.

गीतमालेची गोष्ट आणखी गमतीची. ३ डिसेंबर १९५२ पासून ऐकू येऊ लागलेला हा कार्यक्रम निवेदक अमीन सयानी मुंबईत ध्वनिमुद्रित करत आणि त्याच्या फिती विमानाने कोलंबोला जात. आवाज मुंबईचा, गाणी मुंबईची, जाहिरातीही मुख्यतः भारतीय बाजारासाठीच्या; सिलोनचा होता तो प्रक्षेपक.

एव्हरेस्टच्या दाव्यावर फार शब्द खर्चायला नकोत. २९ मे १९५३ रोजी दोघे शिखरावर जेमतेम पंधरा मिनिटे होते, आणि खिशात मावणारा ट्रान्झिस्टर १९५४ च्या अखेरीस बाजारात आला. रेडिओ संच होते ते मोहिमेच्या खालच्या तळांवर.

आता अंताविषयी. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती सुरू झाली, परंतु तिच्यावर जाहिराती आल्या त्या १९६७ साली. तोपर्यंत, आणि नंतरही बराच काळ, सकाळी सिलोन लावून आठच्या ठोक्याआधीच्या सैगलच्या गाण्यापर्यंत चहा लांबवणारी घरे महाराष्ट्रात पुष्कळ होती. गीतमाला कोलंबो सोडून विविध भारतीवर आली ती १९८९ मध्ये, म्हणजे त्या कथित अंतानंतर बत्तीस वर्षांनी.