चार पोर्टांच्या डब्याला उगाच बदनाम करू नका

‘एका यूएसबी केबलवर चार-आठ सिरियल पोर्ट (मीटरसारखी उपकरणं संगणकाला जोडायची जुनी जोडणी) देणारे डबे विंडोजपुरते ठीक. लिनक्सवर ड्रायव्हर मिळत नाही, पोर्टांची अदलाबदल होते, वेग चौघांत वाटला जातो. त्यापेक्षा एका पोर्टाचे एकेरी अडॅप्टर चार घ्या.’ हा सल्ला बराच फिरतोय.

ड्रायव्हर डब्याला लागत नाही, आतल्या चिपला लागतो. चार पोर्टांच्या बऱ्याच डब्यांत एफटीडीआय कंपनीची एफटी४२३२एच ही चिप असते आणि तिचा ड्रायव्हर लिनक्सच्या कर्नलमध्येच, म्हणजे गाभ्यातच आहे. एलएसयूएसबी ही यूएसबी उपकरणांची यादी दाखवणारी कमांड चालवून ०४०३:६०११ हा तिचा ओळख-क्रमांक दिसला की प्रश्न मिटला. कंपनीच्या साइटवरूनच ड्रायव्हर आणावा लागतो असे डबे मीही टाळतो, कारण कर्नल बदलला की तो पुन्हा कंपाइल करत बसावं लागतं. पण हा त्या मॉडेलचा दोष, चार पोर्टांचा नाही. आणि विंडोजचं म्हणाल, तर प्रोलिफिक या चिप-कंपनीने विंडोज ८ पासून ज्या जुन्या पीएल२३०३एचएक्सएचा आधार काढला, ती चिप एकेरीच होती.

अदलाबदलीची तक्रार अर्धी खरी आहे. लिनक्स पोर्टांना टीटीवाय-यूएसबी आणि पुढे आकडा अशी नावं देतं; त्यातले ०, १, २, ३ हे आकडे उपकरण सापडेल त्या क्रमाने मिळतात. त्यांच्या भरवशावर स्क्रिप्ट लिहायचीच नाही. बाय-आयडी फोल्डरमधली, उपकरणाच्या ओळखीवरून बनलेली नावं घ्या. तिथे एफटी४२३२एचच्या चार पोर्टांच्या नावांत आयएफ००, आयएफ०१, आयएफ०२, आयएफ०३ असं येतं, कारण चिपमध्ये प्रत्येकाचा इंटरफेस ठरलेला आहे. आता सीएच३४०जी चिपचे एकेरी चार लावा. या चिपला सीरियल नंबरच नसतो, त्यामुळे चौघांचं बाय-आयडी नाव एकच! मग कोणता यूएसबी सॉकेट, यावरून बाय-पाथ फोल्डरमधल्या नावांनी ओळखत बसायचं. म्हणजे सल्ला ऐकून गोंधळ वाढलाच.

वेगाचा हिशेब तर दोन ओळींचा. सेकंदाला ११५२०० बिट वेगाचे चार पोर्ट म्हणजे सेकंदाला ४,६०,८०० बिट. एफटी४२३२एच सेकंदाला ४८० मेगाबिटच्या यूएसबी हाय-स्पीडवर चालते. संथपणा जाणवतो तो लेटन्सी टायमरमुळे: पोर्टाला जोडलेल्या मीटरचं चार-आठ बाइटचं उत्तर चिपकडे आलेलं असतं, पण पॅकेट भरलं नाही म्हणून ती १६ मिलिसेकंदांपर्यंत थांबते. लिनक्सवर सिस-एफएसमधल्या (कर्नलच्या सेटिंग्ज फाइलरूपात दिसतात तिथल्या) लेटन्सी-टायमर फाइलमध्ये १ लिहा, विंडोजवर डिव्हाइस मॅनेजरमध्ये पोर्टच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये जाऊन तोच आकडा बदला. एकेरी एफटी२३२आर चिपलाही हेच करावं लागतं.

एकेरींच्या बाजूचा एक मुद्दा मात्र मला पटतो आणि तोच या सल्ल्यात नाही: डब्याची ती एक केबल निसटली, की चारही पोर्ट एकदम जातात.