रॅव्हल आणि निरगाठ

गणपती चार दिवसांवर आले की शिवाजी पेठेतल्या आमच्या घरात माळ्यावरून दिव्यांची माळ खाली येते. गेल्या वर्षी मी ती नीट वेटोळं करून ठेवली होती, शपथेवर सांगतो. खोक्यातून निघालं ते कावळ्याचं घरटं.

२००७ साली अमेरिकेतल्या दोन शास्त्रज्ञांनी खोक्यात दोरी घालून ते हजारो वेळा गरगरा फिरवलं. काही सेकंदांतच गाठी बसल्या. दोरी ४६ सेंटिमीटरपेक्षा आखूड असली तरच बसेनात. आमची माळ दहा मीटरची. हे बायकोला समजावलं, तर तिनं नुसतं बघितलं.

मी गुंत्यात हात घातला आणि लेकीनं इंग्रजीची वही काढली.

"पप्पा, रॅव्हलच्या उलट काय?"

"अनरॅव्हल," मी तारेतूनच म्हणालो.

तिनं शब्दकोश उघडला. रॅव्हल म्हणजे गुंतणे. खालच्याच ओळीत, रॅव्हल म्हणजे उकलणे. आणि अनरॅव्हल? उकलणे! शब्द मूळचा डच, विणकामातला. कापड उसवायला लागलं की सुटलेले धागेच एकमेकांत अडकतात, म्हणून एकाच शब्दाला दोन्ही अर्थ चिकटले म्हणे. आता वहीत लिहायचं काय?

पुढचे शब्दही तसलेच. स्नार्ल म्हणजे गुंता, आणि कुत्र्याचं दात विचकून गुरगुरणंही. (हा अर्थ मला तेवढ्यात पटला.) टीझ म्हणजे चिडवणे, आणि लोकर पिंजणेसुद्धा. नॉट म्हणजे गाठ, पण त्यातला के गिळायचा.

"मग नॉट म्हणजे नाही ते?"

"ते वेगळं."

"ऐकायला तर सेमच येतंय!"

इतक्यात आई आली. "आरं, वढू नगंस! निरगाठ बसंल."

बघा, आमच्याकडं ओढली की सुटते ती सुरगाठ, ओढली की आवळते ती निरगाठ, आणि कंगव्यात अडकलेल्या केसांना तर वेगळाच शब्द, गुंतवळ. ती दिली की बदल्यात दारात फुगे मिळायचे. इंग्रजीत गुंतवळीवर फुगा देणारा शब्द मला तरी सापडला नाही.

आईनं अंबाड्यातला आकडा काढला, गाठीत घातला आणि टीव्ही बघत बघत माळ सोडवली. बटण दाबलं. अर्धीच पेटली.

"रॅव्हलचं काय लिहू?" लेक अजून तिथंच.

"आजीला विचार."

"उकलली लिही," आई म्हणाली, "आन् ही वायर कुत्र्यापासनं लांब ठेवा."