फी आहेच काका, पण ती कधी आणि किती?

काका, नमस्कार. तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. चिडून लिहिलीत, पण तळमळीने लिहिलीत, म्हणून सविस्तर उत्तर देते. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: जर्मनीतल्या विटेनच्या खासगी विद्यापीठावरचा माझा लेख म्हणजे पैसेवाल्यांच्या शिक्षणाची जाहिरात, गप्पा मारून कोणी डॉक्टर होत नाही, आणि सयाजीरावांच्या बडोद्यात राहून परक्यांचे गोडवे कशाला गायचे?

आधी गप्पांचं. भाचीबरोबर मी विटेनच्या ज्या वर्गात बसले तिथे आठच मुलं होती. प्रत्येकाच्या हातात एक कागद: चोपन्न वर्षांचा बेकरीवाला, जिना चढताना धाप लागते, रात्री तीन उशा घेतल्याशिवाय झोप नाही, संध्याकाळी पाय सुजतात. शिकवणाऱ्या बाई एका कडेला बसलेल्या. एका मुलाने फळ्यावर दोन रकाने पाडले. एकात आपल्याला काय ठाऊक आहे ते, दुसऱ्यात काय ठाऊक नाही ते. दुसरा रकाना भरभर खाली उतरत गेला. आडवं झाल्यावरच धाप का वाढते, यावर बराच वेळ खल चालला. एक जण फुप्फुसांवर अडून बसला, एक मुलगी हृदयावर. बाईंनी मध्ये फक्त एवढंच विचारलं, "मग पाय का सुजले?" भाची माझ्या कानात मराठीत सांगत होती, आणि त्या प्रश्नाशी तीही थांबली. शेवटी दुसऱ्या रकान्यातले प्रश्न मुलांनी वाटून घेतले. पुढच्या वेळी उत्तरं शोधून आणायची.

मी अठ्ठावीस वर्षं विज्ञान शिकवलं, काका. हृदयाची आकृती मी फळ्यावर काढायची, मुलांनी वहीत उतरवायची आणि परीक्षेत तशीच्या तशी यायची. "बाई, हे मला कळलं नाही" असं म्हणायला माझ्या वर्गात फारसं कोणी धजावलं नाही. तिथे त्या वाक्याला फळ्यावर अर्धी जागा होती. हे मी लिहायचं नाही, तर कोणी लिहायचं?

आणि डॉक्टरकीची शेवटची लेखी सरकारी परीक्षा देशभर एकच असते. या मुलांनाही ती चुकत नाही. तुमची शंका अगदीच निराधार आहे असंही नाही. २००५ साली तिथल्या सरकारांना उच्च शिक्षणाबद्दल सल्ला देणाऱ्या विज्ञान परिषदेने या विद्यापीठाच्या वैद्यकीय शिक्षणावर कडक ताशेरे ओढले होते, आणि त्यांना सुधारणा कराव्या लागल्या.

आता पैशाचं. १९८३ साली विटेनच्या विद्यापीठात शिकवणं सुरू झालं. १९९५ मध्ये विद्यार्थ्यांनीच स्वतःची संस्था काढली आणि फीची व्यवस्था हातात घेतली. फी आता भरा, नाहीतर शिकून कमवायला लागल्यावर मिळकतीच्या प्रमाणात काही वर्षं भरा. ज्याची कमाई ठरलेल्या रकमेपेक्षा कमी, त्याला तोपर्यंत द्यावं लागत नाही. ज्याची भरपूर, तो जास्त देतो, आणि त्यावर मागून येणारी मुलं शिकतात. जर्मनीतल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेकांना फी नसतेच, तेव्हा तिथल्या माणसाने 'मग हे तरी कशाला?' असं विचारलं तर त्याचं बरोबर आहे. पण आपण कुठे उभे आहोत? माझ्या वर्गातली एक मुलगी, वडील टेम्पो चालवायचे. एका खासगी कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. पहिल्या वर्षाची फी एकरकमी, मुदत आठ दिवस. तिच्या आईने बांगड्या गहाण ठेवल्या, तरी पुरलं नाही. ती आज एका दुकानात हिशेब लिहिते. "शिक, आणि कमवायला लागलीस की दे" असं तिला कोणी म्हटलं असतं, तर तिने पै न पै फेडली असती.

सयाजीरावांबद्दल आपलं दुमत नाही. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. १९१३ साली भीमराव आंबेडकरांना महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. अट एकच: शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी. आधी शीक, फेड नंतर. आणि आंबेडकरांना पाठवलं ते अमेरिकेतल्या कोलंबियाला, म्हणजे परदेशातल्या खासगी विद्यापीठातच! महाराजांचं नाव घेतलंत म्हणून हेही सांगते, की तेच आंबेडकर १९१७ साली नोकरीवर रुजू व्हायला आले तेव्हा त्यांना राहायला आपल्या गावाने खोली दिली नाही. तेव्हा ते हताश होऊन कमाटीबागेत बसले होते; तिथे गेले की मला ते आठवतंच.

एक चूक तुम्ही बरोबर पकडलीत. लेखात मी 'तिथे फी लागत नाही' असं लिहून गेले होते. ते वाक्य काल रात्री काढलं, आणि वरचा फीचा मजकूर तिथे घातला आहे. पुन्हा एकदा वाचाल का?