बॅटरीची तार काढून अल्टरनेटर तपासू नका : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुम्ही रोखठोक लिहिलंत, त्यामुळे उत्तरही तसंच देतो. अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज बनवणारा आणि बॅटरी भरणारा भाग, कसा तपासावा आणि दुरुस्त करावा यावर मी लिहिलं होतं; त्यावर तुमचे आक्षेप असे आहेत. मल्टिमीटर घेऊन बसायची गरज नाही. चालू इंजिनवर बॅटरीची निगेटिव्ह तार काढायची, इंजिन बंद पडलं की अल्टरनेटर गेला. दुसरं, दुरुस्त केलेला अल्टरनेटर टिकत नाही. तुमच्या जुन्या डिझेल गाडीतला चार महिन्यांत पुन्हा जळला, म्हणून दुरुस्तीचा पर्याय सुचवणं ही वाचकांची दिशाभूल आहे. आणि आता त्याच कंपनीच्या पेट्रोल मॉडेलचा जास्त अँपिअरचा अल्टरनेटर बसवला तर बिघडलं कुठे?

तार काढण्याबद्दल माझं मत ठाम आहे: ही तपासणी कोणत्याही गाडीवर करू नये. अल्टरनेटर करंट देत असताना बॅटरी अचानक तोडली, तर रोटरमधलं (अल्टरनेटरच्या आतल्या फिरत्या भागातलं) चुंबकीय क्षेत्र लगेच विरत नाही. तेवढ्या अवधीत व्होल्टेज उसळतं. बॅटरी उतरलेली असेल आणि अल्टरनेटर जोरात चार्ज करत असेल, तर ते 40 व्होल्टच्याही बरंच वर जाऊ शकतं. एरवी ही उसळी बॅटरी पचवते, आणि नेमकी तीच आपण काढून घेतलेली असते. मग डायोड (एसीचा डीसी करणारे) जातात, कटआउट (व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर) जातो, गाडीत ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) असेल तर तोही जाऊ शकतो. म्हणजे धडधाकट अल्टरनेटर तपासता तपासता मारला जातो.

शिवाय या तपासणीतून खरं उत्तर मिळतच नाही. जुन्या डिझेल इंजिनात मेकॅनिकल पंप असतो आणि इंजिन चालू राहायला वीज जवळजवळ लागत नाही. इंधन बंद करणारा सोलेनॉइड असेल तर त्याला लागेल तेवढीच. सोलेनॉइड नसलेल्या गाडीत अल्टरनेटर पूर्ण मेलेला असला तरी तार काढल्यावर इंजिन खुशाल चालत राहील. उलट सहापैकी एक डायोड उघडा पडलेला असला तरी अल्टरनेटर इंजिन चालवण्याइतका करंट देतोच, आणि आपण तो 'पास' करून मोकळे होतो.

याऐवजी मीटरने पाच मिनिटांत काम होतं. रात्रभर उभ्या गाडीची बॅटरी 12.4 ते 12.7 व्होल्ट दाखवायला हवी. इंजिन साधारण 1500 आरपीएमवर धरून हेडलाइट आणि ब्लोअर लावले की बॅटरीवर 13.5 ते 14.5 यायला हवेत. 15 च्या वर गेलं तर कटआउटवर किंवा त्याच्या वायरिंगवर संशय घ्या. मग मीटर एसी व्होल्टवर टाकून बॅटरीच्याच दोन टर्मिनलांवर धरा. 0.5 व्होल्टपेक्षा जास्त एसी दिसला तर डायोड प्लेट संशयास्पद. मीटर नसेल तर सकाळी इंजिन सुरू करण्याआधी अल्टरनेटरच्या पाठीला हात लावून बघा. रात्रभर बंद असलेल्या गाडीत तो कोमट लागला, तर शॉर्ट झालेल्या डायोडमधून बॅटरी रात्रभर उतरत होती असं समजा.

दुरुस्तीबद्दल तुमचा राग समजतो, आणि अर्धी गोष्ट बरोबरही आहे: फक्त डायोड प्लेट बदलून दिलेला अल्टरनेटर बहुतेक वेळा टिकत नाही. पण चार महिन्यांत जळला याचा दोष सरसकट दुरुस्तीवर टाकला, तर तिथे नवाकोरा अल्टरनेटरही जळेल. जुन्या गाडीत अल्टरनेटर स्वतःहून क्वचितच मरतो, त्याला कोणीतरी मारतं.

सगळ्यात मोठा संशयित बॅटरी. एक सेल बसलेली बॅटरी साधारण 10.5 व्होल्टवर अडकते आणि कितीही करंट दिला तरी भरत नाही. अल्टरनेटर मात्र ती भरेल या आशेने तासन् तास फुल लोडवर राबतो. आयडलवर पंखा हळू फिरतो, हवा कमी, उष्णता जास्त. डायोड आणि स्टेटर (रोटरभोवतीची स्थिर वाइंडिंग) तिथेच शिजतात. म्हणून पूर्ण उतरलेली बॅटरी धक्का मारून सुरू केलेल्या गाडीवर भरायची नाही, आधी बाहेर चार्जरवर लावायची.

दुसरा संशयित वायरिंग. हेडलाइट-ब्लोअर चालू, 2000 आरपीएम, मीटरचं एक टोक अल्टरनेटरच्या जाड तारेच्या बोल्टवर आणि दुसरं बॅटरीच्या पॉझिटिव्ह खांबावर. 0.2 व्होल्टपर्यंत फरक चालतो. 0.5 आला तर तार किंवा लग (तारेच्या टोकाची धातूची जोडणी) आतून गंजलेली आहे. मग तेच अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीची निगेटिव्ह यांच्यात करा; इंजिनची अर्थ पट्टी गंजलेली असेल तर इथे उघडी पडते. लग ढिला असेल तर मागे सांगितलेली व्होल्टेजची उसळी रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्यात येत राहते.

जळलेला अल्टरनेटर टाकून दिला नसेल तर उघडून स्टेटर बघा. सगळ्या वाइंडिंग सारख्याच काळ्या पडल्या असतील तर जास्त लोड किंवा उष्णता. ठराविक गुंडाळ्याच काळ्या आणि मधल्या तांबूस असतील तर त्या फेजचा (वाइंडिंगच्या त्या गटाचा) डायोड किंवा तिथला शॉर्ट तपासा.

नीट दुरुस्ती म्हणजे पुढचं-मागचं दोन्ही बेअरिंग, कार्बन ब्रश, कटआउट आणि डायोड प्लेट एकाच वेळी नवीन. रोटरच्या दोन स्लिप रिंगमध्ये (कार्बन ब्रश ज्यांवर घासतात त्या तांब्याच्या कड्यांमध्ये) साधारण 2 ते 5 ओहम यायला हवेत आणि रिंग ते शाफ्ट मीटरने जोड दाखवायलाच नको. रिंगवरून नख फिरवा. खाच लागली तर लेथवर साफ करून घ्या, नाहीतर नवे कार्बन त्याच खाचेत उड्या मारतील. बेअरिंग हाउसिंगमध्येच फिरायला लागलं असेल, किंवा रोटर स्टेटरला घासला असेल, तर मात्र दुरुस्तीच्या नादी लागू नका. नवा घ्या किंवा कारखान्यात पूर्ण उघडून पुन्हा बांधलेला घ्या. भंगारातल्या गाडीचा घेणार असाल तर शाफ्ट हाताने फिरवून खरखर ऐका आणि कार्बनच्या बाजूला तेल मुरलंय का ते बघा.

राहिला जास्त अँपिअरचा प्रश्न. जास्त क्षमतेने बॅटरी जास्त चार्ज होते हा गैरसमज आहे. व्होल्टेज कटआउट ठरवतो, गाडी मागेल तेवढाच करंट जातो. अडचण वेगळीकडे आहे. मूळ तार आणि फ्यूज जुन्या क्षमतेच्या हिशेबाने असतात. डॅशबोर्डवर जुन्या पद्धतीचा अँपिअर मीटर असेल तर चार्जिंगचा करंट त्याच्यातूनच जातो आणि तो जळू शकतो. पुलीचा व्यास आणि खाचांचा प्रकार जुळायला हवा, नाहीतर आयडलवर चार्जिंग मिळणार नाही. पंख्याच्या पाती वाकड्या असतात. इंजिनची फिरण्याची दिशा उलट असेल तर वीज बनेल, पण हवा पुरेशी फिरणार नाही. चार्जिंगच्या दिव्याची जोडणीही जुळवून घ्या, कारण बऱ्याच गाड्यांत अल्टरनेटर जागा करणारा सुरुवातीचा करंट त्या दिव्यातूनच जातो.

तुमच्या बाबतीत यापेक्षा मोठी गोष्ट आहे. जुन्या डिझेल गाड्यांच्या अल्टरनेटरच्या पाठीवर बऱ्याचदा व्हॅक्यूम पंप असतो आणि ब्रेक बूस्टरला (ब्रेक दाबायला मदत करणाऱ्या डब्याला) लागणारा व्हॅक्यूम तोच देतो. पेट्रोल इंजिनाला व्हॅक्यूम मॅनिफोल्डमधून मिळतो, म्हणून त्या अल्टरनेटरला पंप नसतो. मागे तेलाचा पाइप आणि जाड व्हॅक्यूम होज दिसत असेल तर पेट्रोलचा अल्टरनेटर विसरा. तुमचा अल्टरनेटर पुन्हा जळण्याचं कारणही इथेच असू शकतं: पंपाचं ऑइल सील गळलं की तेल आत येतं, कार्बनच्या भुकटीत मिसळून त्याचा चिखल होतो आणि कार्बन होल्डरमध्ये अडकून बसतात. सील न बदलता केलेली दुरुस्ती टिकणारच नाही.

पंपासकट अल्टरनेटर बसवताना सुरू करण्याआधी पंपात थोडं इंजिन ऑइल सोडा, कोरडा फिरवू नका. पट्टा मधोमध अंगठ्याने दाबून साधारण 10 मिलिमीटर दबला पाहिजे. फार ताणला तर पुढचं बेअरिंग जातं. मग इंजिन बंद ठेवून ब्रेक पेडल चार-पाच वेळा दाबा, शेवटच्या वेळी दाबून धरा आणि इंजिन सुरू करा. पेडल पायाखाली किंचित खाली गेलं तर व्हॅक्यूम येतोय. नाही गेलं तर गाडी रस्त्यावर काढू नका.