काळजी माझी, पण मार्क लेकराचे!

काळजी घ्या म्हणं! पोराच्या डॉक्टरकीच्या प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे नीटच्या, क्लासच्या पालक मेळाव्यात एका समुपदेशक मॅडमनी आम्हाला दोन तास प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून हे शिकवलं. रोज अर्धा तास चाला. आठ तास झोपा. एखादा छंद जोपासा. आणि मेळाव्याची वेळ कोणती, तर दुपारी तीन ते पाच. दिवसभरात पाठ टेकायला मला तेवढीच वेळ मिळते, ती यांच्या भाषणात गेली.

अहो मॅडम, आमच्यासारख्या बाया लातुरात कशाला येऊन राहिल्यात, तुम्हाला ठाऊक नाही व्हय? अकरावीला मेसचं खाऊन पोराचं पोट बिघडलं, म्हणून घरदार, म्हशी, सासूबाईंची औषधं, सगळं मागं टाकून ही एक खोली केली. त्याच खोलीत स्वयंपाक, त्यातच त्याचं टेबल, त्यातच माझी सतरंजी. तो रात्री एकपर्यंत फिजिक्स करतो, म्हणजे एकपर्यंत लाईट चालू. पहाटे पाचला परत चहा. आठ तास झोप कुठं अंथरू, सांगा बरं! त्यात नळाचा दिवस असला की आधी पाणी भरायचं, मग बाकी सगळं. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलेलं शहर आहे हे. इथली बाई नळाचा दिवस सोडून फिरायला जाईल का?

हे सगळं एकवेळ ऐकून सोडलं असतं. पण शेवटी मॅडम काय म्हणाल्या? "आई खचली की मुलाचे मार्क खचतात." तिथं माझं डोकं फिरलं. म्हणजे मी झोपायचं ते दमले म्हणून नाही. नीटचे ७२० पैकी चांगले पडावेत म्हणून झोपायचं! बीपीची गोळी घ्यायची, ती पेपरच्या आदल्या दिवशी मी आडवी पडले तर त्याला टेन्शन येईल म्हणून. नुसतं माझं डोकं दुखतंय म्हणून मला गोळी मिळायची नाही का?

सरकारचंही तेच. २०२२ च्या नवरात्रात बायकांच्या तपासणीची मोहीम काढली, काम चांगलंच होतं, पण नाव काय, 'माता सुरक्षित, तर घर सुरक्षित'. घर नसतं तर मातेचं काय करणार होता हो? सरकारच्याच पाहणीत महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५४ बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. त्यांना लेकरं नसती तर ते रक्त कमीच राहू द्यायचं होतं का?

आणि वेळ काढा, वेळ काढा काय! २०२४ च्या केंद्राच्या पाहणीत आपल्याच घरचं काम करणाऱ्या बाईची दिवसाला २८९ मिनिटं त्यात जातात, आणि घरकामाला हात लावणाऱ्या पुरुषाची ८८. वेळ काढायचाच असेल तर या दोन आकड्यांच्या मधून काढा की. पण ते कुणी बोलत नाही, कारण मेळाव्याला आलेले चार बाबा लोक मागच्या रांगेत मोबाईलमध्ये होते. त्यांना एकही प्रश्न नाही, सगळा उपदेश पुढच्या रांगेला.

बाबा लोक मजेत आहेत असं मी म्हणत नाही. आमचे हे सोयाबीनच्या भावाचं आणि क्लासच्या हप्त्याचं गणित करत रात्र रात्र जागतात. त्यांना तर झोपा म्हणणारंही कुणी नाही, मार्कांसाठीसुद्धा नाही. पण त्यांच्या जागरणात कुणी चहा मागत नाही, एवढं मात्र खरं.

आता परवाचं ऐका. मेळाव्याचं सगळं ह्यांना फोनवर सांगितलं तर म्हणाले, "बरोबरच आहे की मॅडमचं, जरा आराम करत जा." बरं म्हटलं. लगेच पुढचं वाक्य, "रविवारी येतोय, धपाटे करून ठेव. आणि इकडं मोटर जळालीय, धुणं तुंबलंय. तेबी घेऊन येतो."

घेऊन या, म्हटलं. छंद जोपासते!