‘शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के’ हे इंग्रजीच्या तासाला लावू नका

ठाणे-नवी मुंबईतल्या प्राथमिक शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश वरचेवर येतो, कधी तो प्रशिक्षणाच्या स्लाइडवरही दिसतो. संवादात शब्दांचा वाटा ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५ टक्के. म्हणून पहिली-दुसरीला इंग्रजी शिकवताना भाषेचं दडपण घेऊ नका, हावभाव चांगले असले की मुलांना सगळं कळतं. हावभाव ही साऱ्या जगाची भाषा आहे. आणि मूल डोळ्यांत बघत नसेल, तर त्याचं लक्ष नाही असं समजा.

मी कळव्यात मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजी शिकवते. हातवाऱ्यांशिवाय माझा एकही तास होत नाही, आणि म्हणूनच हा संदेश मला खटकतो.

आधी आकडे. ते अल्बर्ट मेहराबियन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाच्या १९६७च्या दोन प्रयोगांतून जुळवलेले आहेत. एकात सुटे शब्द निरनिराळ्या सुरांत ऐकवले होते. दुसऱ्यात ‘मेबी’ हा एकच शब्द होता आणि सोबत चेहऱ्यांचे फोटो. बोलणाऱ्याच्या मनात आपुलकी आहे की नावड, एवढंच ऐकणाऱ्यांनी ओळखायचं होतं. म्हणजे ते ५५ टक्के देहबोलीचे नाहीतच, चेहऱ्याचे आहेत. हातवारे, उभं राहणं, वर्गात फिरणं यांचा तिथे संबंधच नव्हता. भावना आणि आवडनिवड सोडून इतर बोलण्याला हे समीकरण लागू होत नाही, असं खुद्द मेहराबियन यांनीच स्पष्ट केलं आहे. ‘सोमवारी पालकसभा आहे, आधार कार्डाची झेरॉक्स आणा’ एवढं वर्गाला तोंड न उघडता सांगून बघा, म्हणजे ७ टक्क्यांचं वजन कळेल.

‘हावभाव चांगले असले की मुलांना सगळं कळतं’ हे वाक्य मला सगळ्यांत घातक वाटतं. ‘पुट द डस्टर अंडर द बेंच’ म्हणताना बाईंचं बोट बेंचखाली जातं. मूल धावत जाऊन डस्टर बरोबर ठेवतं, वर्ग टाळ्या वाजवतो. आता हात पाठीमागे बांधा, नजर खिडकीकडे ठेवा आणि ‘ऑन द बेंच’ म्हणा. तेच मूल डस्टर घेऊन पुन्हा खाली वाकतं, नाहीतर तुमच्या तोंडाकडे बघत उभं राहतं. ते मघाशी बोटामागे गेलं होतं, ‘अंडर’ त्याच्या कानावरून गेलं. हावभाव जितका ठळक, तितकं मुलाचं न समजणं झाकलं जातं, आणि तिसरी-चौथीत वाचायची वेळ येते तेव्हा ते उघडं पडतं.

जेम्स अ‍ॅशर यांची कृतीतून भाषा शिकवण्याची पद्धत या संदेशाच्या बाजूने पुढे केली जाते. पण त्या पद्धतीत शिक्षक आधी स्वतः कृती करून दाखवतो, मुलांबरोबर करतो आणि मग थांबतो. पुढे तोंडी आज्ञा तेवढी देतो, तीही शब्दांची अदलाबदल करून. हात काढून घेणं हा त्या पद्धतीचाच भाग आहे, आणि आपण नेमका तोच गाळतो.

‘जगाची भाषा’ म्हणावी, तर आपण कुणाला बोलावतो ते तळवा खाली ठेवून. परदेशी बालगीतांच्या व्हिडिओत तळवा वर करून बोट वाकवतात. आपली होकाराची डुलती मान बाहेरच्याला कोड्यात टाकते. शिवाय काळ शिकवताना आपण आपल्या डावीकडे ‘यस्टर्डे’ दाखवतो आणि उजवीकडे ‘टुमॉरो’. समोर बसलेल्या मुलांना ते बरोबर उलटं दिसतं, फळ्यावरच्या ओळीच्या विरुद्ध. म्हणून मी ते फळ्याकडे तोंड करून दाखवते.

डोळ्यांत न बघणाऱ्या मुलाबद्दल तर फार अन्याय होतो. ब्रिटनमध्ये ग्विनेथ डोहर्टी-स्नेडन आणि सहकाऱ्यांनी यावर बरंच काम केलं आहे. अवघड प्रश्नाचा विचार करताना मुलं नजर दुसरीकडे वळवतात. पाच वर्षांच्या मुलांना मुद्दाम तशी सवय लावली, तेव्हा त्यांची उत्तरं सुधारली. आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवणं ही घरातली शिकवणही असते. अशा मुलाला ‘माझ्याकडे बघ’ म्हणून दरडावलं, की जुळत आलेलं वाक्य मोडतं.

ज्या दोन गोष्टींत शिक्षकाचं न बोलणं खरोखर कामाला येतं, त्या या संदेशात नाहीतच. एक म्हणजे थांबणं. मेरी बड रो यांनी अमेरिकेत विज्ञानाच्या तासांचा अभ्यास केला, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम १ सेकंद थांबत होते. ३ सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली, गप्प बसणं कमी झालं. परक्या भाषेत उत्तर जुळवणाऱ्या मुलाला तर हा वेळ हवाच. दुसरी म्हणजे ओठ. ‘व्हॅन’ म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला टेकतात, ‘वॉटर’ म्हणताना ओठांचा चंबू होतो. आपल्या एका ‘व’मध्ये हा फरक नाही, त्यामुळे तो डोळ्यांनी बघावा लागतो. फळ्यावर लिहिता लिहिता पाठमोरं राहून शब्द उच्चारला, तर मुलांना तो निम्माच मिळतो. लिहून झाल्यावर वळा, मग बोला.

आणि भाषेचं दडपण? राज्यात २०००पासून पहिलीपासून इंग्रजी आहे, आणि आपल्यातले कितीतरी जण स्वतः पाचवीपासून ते शिकले. दडपण असणारच. पण ‘शब्दांना महत्त्व नाही’ हा त्यावरचा उतारा नाही. आठवड्याला चार-पाच वाक्यं पक्की करा, मोठ्याने म्हणून बघा, ध्वनिमुद्रण ऐकून उच्चार तपासा. गटावर पाठवायचंच असेल, तर ती वाक्यं स्वतःच्या आवाजात पाठवा. बाकीच्यांना वर्गात जाण्याआधी ऐकता येतील.