‘बिग बँग कोणी बघितला?’ म्हणणाऱ्या दाजींच्या फॉरवर्डला

‘कॉस्मॉलॉजी म्हणजे इंग्रजी ज्योतिष’ हा मेसेज रविवारपासून तीन ग्रुपवर आला, मी गप्प बसलो. (कॉस्मॉलॉजी म्हणजे अख्ख्या विश्वाचा अभ्यास.) काल दाजींनी तोच भाचीला पाठवला, खाली ‘यात करिअर करणार का?’ असं लिहून. पोरगी फिजिक्सच्या शेवटच्या वर्षाला आहे. मग राहवलं नाही.

मेसेजचं म्हणणं असं: बिग बँग, म्हणजे विश्वाची सुरुवात झाली तो महास्फोट, कोणी बघितला नाही, जेम्स वेब या अवकाश दुर्बिणीने तो खोटा पाडला, आणि आपले नारळीकर तर हे आधीपासूनच सांगत होते.

‘कोणी बघितला’ हे सगळ्यात डोक्यात जातं. अहो, उजेडाला पोचायला वेळ लागतो, म्हणून लांबचं बघणं म्हणजे जुनंच बघणं. देवयानी ही दीर्घिका (ताऱ्यांचं प्रचंड मोठं शहरच म्हणा) आज दिसते ती २५ लाख वर्षांपूर्वीची. असं मागे मागे जात राहिलं की विश्व ३ लाख ८० हजार वर्षांचं असतानाचा उजेड सापडतो, ताणून ताणून मायक्रोवेव्ह लहरी झालेला. १९६४ मध्ये न्यू जर्सीत पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांच्या अँटेनातली खरखर काही केल्या जाईना, आत कबुतरांनी घाण केली होती तीही खरवडून काढली, तरी दिवसा रात्री, तोंड कुठेही फिरवा, खरखर आहेच. तोच तो उजेड. त्या शोधाला १९७८ चं नोबेल मिळालं.

जेम्स वेबला अपेक्षेपेक्षा लवकर तयार झालेल्या दीर्घिका दिसल्या, खरंय. पण पोरगं नवव्या महिन्यात चालायला लागलं म्हणून ते जन्मलंच नाही म्हणायचं का?

नारळीकरांचं मात्र अर्धं खरं, मान्य. बिग बँग त्यांना कधीच पटला नाही. पण ते गणित मांडून भांडले आणि आयुष्यभर कॉस्मॉलॉजीच करत होते की! विश्व किती जुनं, कसं पसरतंय, कशाचं बनलंय, हाच तो विषय. त्यात मंगळयानही येत नाही, तर मंगळदोष कुठून येणार? उलट ज्योतिषाची चाचणी त्यांनीच घेतली. हुशार आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळून २७ ज्योतिषांना प्रत्येकी ४० दिल्या, कोणती कुणाची ओळखा म्हणून. बरोबर आल्या ४६ टक्के. नाणं उडवलं असतं तरी ५० आले असते. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात छापून आलंय, हे पण फॉरवर्ड करा.

आणि दाजी, नारायणगावजवळ खोडदला ४५ मीटरच्या डिश आहेत, तशा ३० मिळून एक रेडिओ दुर्बीण. लांबच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनच्या रेडिओ लहरी त्यातून ऐकतात. विज्ञान दिनाला लोकांना बघायला सोडतात. गाडी मी काढतो, पेट्रोल तुमचं.